वॉल्टर टल : नियमात बसत नसतानाही ब्रिटिश सैन्यात अधिकारी झालेला टॉटनहॅमचा फुटबॉलर

प्रीमियर लीग बघणाऱ्यांना टॉटनहॅम हॉटस्परची ओळख करून द्यायची गरज नाही. रात्र जागून मॅच बघायची, ट्रॉफी हुकली की कपाळावर हात मारायचा आणि पुढच्या सीझनची वाट बघायची, हा या क्लबच्या चाहत्यांचा जुना उद्योग आहे. हॅरी केन आणि सॉन ही नावं तर फुटबॉल न बघणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात.

पण याच क्लबकडून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक पोरगा फक्त १० लीग सामने खेळला. गोल केले दोन. आकडे बघितले तर त्याला कोणी लक्षात ठेवायचं कारण नाही. तरी आज त्याचं चित्र ब्रिटनच्या टपाल तिकिटावर आहे, त्याच्या नावाचं नाणं आहे, आणि त्याला एक मेडल मिळावं म्हणून शंभराहून जास्त ब्रिटिश खासदारांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं.

त्याचं नाव वॉल्टर टल.

गोष्ट सुरू होते ती कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर. ऊस, साखर आणि गुलामी यासाठी हे बेट ओळखलं जायचं. वॉल्टरचे आजोबा तिथे गुलाम म्हणून जन्माला आले होते. गुलामी कायद्याने संपली तरी पुढच्या पिढीच्या हाताला काम नव्हतं, म्हणून त्यांचा मुलगा डॅनियल टल सुतारकाम शिकला आणि बोटीने इंग्लंडला आला. १८७६ साली तो केंट परगण्यातल्या फोक्स्टन या बंदराच्या गावात पोहोचला. तिथेच त्याने अॅलिस पामर या स्थानिक गोऱ्या मुलीशी लग्न केलं. २८ एप्रिल १८८८ ला या जोडप्याच्या पोटी वॉल्टरचा जन्म झाला.

घर सुताराचं, खाणारी तोंडं बरीच, पण बरं चाललं होतं. १८९५ साली अॅलिस कॅन्सरने गेली. वॉल्टर तेव्हा सातेक वर्षांचा होता. पोरांकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून डॅनियलने अॅलिसच्याच चुलत बहिणीशी, क्लाराशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी झाली. आणि १८९७ च्या डिसेंबरमध्ये डॅनियलही हृदयविकाराने गेला.

आता क्लाराच्या पदरात सावत्र पोरं आणि स्वतःची तान्ही मुलगी. कमावणारं माणूस नाही. शेवटी चर्चमधल्या लोकांच्या सल्ल्याने एक कठीण निर्णय झाला. १८९८ च्या सुरुवातीला एडवर्ड आणि वॉल्टर या दोन भावांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात पाठवण्यात आलं. वॉल्टर नऊ वर्षांचा होता. एडवर्ड त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा.

आश्रमात शिस्त कडक होती, पण पोरांना शिक्षण मिळायचं, हातात काहीतरी कसब दिलं जायचं. शिवाय तिथलं मुलांचं गायनपथक होतं. गावोगावी फिरून गाणी म्हणायची आणि आश्रमासाठी निधी गोळा करायचा. एडवर्ड या पथकात होता. अशाच एका दौऱ्यात ग्लासगोच्या वॉरनॉक कुटुंबाने त्याचं गाणं ऐकलं आणि १९०० साली त्याला दत्तक घेतलं. घरात दातांच्या डॉक्टरकीचा व्यवसाय होता. एडवर्ड तेच शिकला आणि १९१२ साली दंतवैद्य झाला. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय दंतवैद्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. त्याच्यावरही एक वेगळा लेख होईल, इतकी त्याची गोष्ट मोठी आहे.

वॉल्टर मात्र मागे राहिला. आई गेली, वडील गेले, आता भाऊही स्कॉटलंडला गेला. वय वर्षं १२.

आश्रमात तो छपाईचं काम शिकला आणि फुटबॉल खेळायला लागला. लंडनमधल्या क्लॅप्टन या हौशी क्लबने त्याला १९०८ साली घेतलं. हौशी म्हणजे पगार नाही, खेळायची हौस भागवायची आणि पोटासाठी दुसरं काम करायचं. पण त्या एका सीझनमध्ये क्लॅप्टनने तीन कप उचलले. त्यात देशभरातल्या हौशी संघांसाठीचा एफए अॅमॅच्युअर कप होता, ज्याची फायनल क्लॅप्टनने ६-० अशी एकतर्फी मारली. क्रीडा वर्तमानपत्रं या नव्या पोराबद्दल लिहायला लागली आणि मोठ्या क्लबांच्या नजरा तिकडे वळल्या.

बाजी मारली टॉटनहॅमने. क्लब त्याच वर्षी बढती मिळवून पहिल्यांदा फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोहोचला होता. १९०९ च्या उन्हाळ्यात २१ वर्षांच्या वॉल्टरला त्यांनी अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं. (याच दौऱ्यावरून परतताना बोटीच्या कप्तानाने टॉटनहॅमला एक पोपट भेट दिला आणि १९१९ साली आर्सेनलने वशिल्याने टॉटनहॅमची जागा पटकावली त्या दिवशी तो पोपट मेला, अशी दंतकथा आहे. स्पर्सवाले आजही ती सांगतात.)

करार झाला तेव्हा वॉल्टरला सही करायचे १० पौंड मिळाले आणि आठवड्याला चार पौंड पगार ठरला. आज हा आकडा वाचून हसू येईल, पण तेव्हा फुटबॉल संघटनेनेच पगारावर मर्यादा घातली होती आणि चार पौंड हीच ती मर्यादा होती. म्हणजे नियमाने देता येईल तेवढा सगळा पगार टॉटनहॅमने त्याला दिला. छपाईचं काम शिकलेल्या अनाथ पोरासाठी ही लॉटरीच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सोशल मीडियावर वॉल्टर टल हा इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू होता, असं फिरत असतं. ते खरं नाही. आजच्या घानामध्ये जन्मलेला गोलकीपर आर्थर व्हार्टन त्याच्या वीस वर्षं आधी व्यावसायिक फुटबॉल खेळून गेला होता. वॉल्टर पहिला नव्हता, पण पहिल्या काही जणांपैकी नक्की होता. आणि हजारोंच्या गर्दीसमोर अकरा जणांत एकटाच वेगळा दिसणं काय असतं, हे त्याला लवकरच कळणार होतं.

१ सप्टेंबर १९०९. सीझनचा पहिला सामना संडरलंडशी. तो टॉटनहॅम हरलं. मग घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड आलं, ज्यांनी नुकताच एफए कप जिंकला होता. ३० हजारांवर लोक बघायला आले आणि सामना २-२ असा सुटला. पुढच्या आठवड्यात ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध वॉल्टरने आपला पहिला गोल मारला. तो फार पळणारा खेळाडू नव्हता. डोकं शांत ठेवून पास देणारा, समोरच्याची चाल आधी ओळखणारा गडी होता. त्या काळच्या धसमुसळ्या फुटबॉलमध्ये हे जरा वेगळं होतं आणि पत्रकारांनी त्याचं कौतुकही केलं.

आणि मग आला ऑक्टोबरमधला ब्रिस्टल सिटीविरुद्धचा सामना.

ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांमधल्या एका गटाने वॉल्टरला त्याच्या रंगावरून शिव्या द्यायला सुरुवात केली. शिव्या इतक्या घाणेरड्या होत्या की तिथे हजर असलेल्या एका पत्रकाराने सामन्याच्या बातमीत त्यावर लिहिलं. मासळीबाजारातही अशी भाषा ऐकू येणार नाही, असा त्याच्या लिहिण्याचा सूर होता. वॉल्टर त्या दिवशी मैदानावरचा सगळ्यात चांगला आघाडीचा खेळाडू होता आणि चिथावणीला त्याने अजिबात भीक घातली नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं. १९०९ सालच्या इंग्लंडमध्ये एका पत्रकाराने फुटबॉलमधल्या वर्णद्वेषावर असं उघड लिहावं, ही लहान गोष्ट नव्हती.

क्लबने काय केलं? वॉल्टर लवकरच पहिल्या संघातून बाहेर गेला आणि राखीव संघात खेळायला लागला. फॉर्म गेला म्हणून वगळलं, की प्रेक्षकांच्या वागण्याचा त्रास क्लबला नको होता, यावर अभ्यासक आजही बोलतात. पण आकडे बोलके आहेत. पहिल्याच सीझनच्या सुरुवातीला सलग सात सामने खेळलेल्या खेळाडूला पुढच्या दोन वर्षांत पहिल्या संघाकडून फक्त तीन सामने मिळाले. चांगला खेळतोय म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याच्या बाबतीत हे जरा न पटणारंच आहे.

ऑक्टोबर १९११ मध्ये त्याची सुटका झाली. नॉर्थम्प्टन टाउन नावाच्या छोट्या क्लबच्या मॅनेजरने त्याला मागून घेतलं. हा मॅनेजर म्हणजे हर्बर्ट चॅपमन. पुढे याच माणसाने हडर्सफील्डला आणि मग आर्सेनलला लीग जिंकून दिली. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या मॅनेजरांमध्ये त्याची गणना होते. चॅपमन स्वतः टॉटनहॅमकडून खेळलेला होता आणि कोणता खेळाडू कुठे वाया जातोय, हे त्याला बरोबर दिसायचं.

नॉर्थम्प्टन सदर्न लीगमध्ये खेळायचं, म्हणजे टॉटनहॅमच्या तुलनेत पायरी खालची. पण वॉल्टरला इथे खेळायला मिळालं. त्याला आघाडीवरून थोडं मागे, मधल्या फळीत आणण्यात आलं आणि त्याचा खेळ तिथे खुलला. ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्धच्या एका सामन्यात त्याने एकट्याने चार गोल केले. (रोव्हर्स हा ब्रिस्टलचा दुसरा क्लब. पण शहर तेच, त्यामुळे वाचताना जरा बरं वाटतंच.) नॉर्थम्प्टनसाठी तो १११ सामने खेळला आणि तिथल्या लोकांचा लाडका झाला.

मग १९१४ उजाडलं आणि युरोपात युद्ध पेटलं.

सुरुवातीला इंग्लंडमध्ये फुटबॉल बंद झालं नाही. लीग चालू राहिली आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. पोरं खंदकात मरतायत आणि हे धडधाकट गडी इथे चेंडूला लाथा मारतायत, असा सगळा सूर. यावर तोडगा म्हणून डिसेंबर १९१४ मध्ये लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि खास फुटबॉलपटूंची एक बटालियन उभी राहिली. मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन. लोक तिला फुटबॉल बटालियनच म्हणायचे. खेळाडू आले की त्यांच्यामागे चाहतेही भरती होतील, हा सरकारी हिशोब होता आणि तो बऱ्यापैकी जमलाही.

नॉर्थम्प्टनच्या खेळाडूंपैकी या बटालियनमध्ये सगळ्यात आधी नाव नोंदवलं ते वॉल्टर टलने. त्याच महिन्यात.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला पोहोचली. वॉल्टर भराभर वर चढला आणि सार्जंट झाला. पण खंदकातलं जगणं माणसाला आतून पोखरायचं. दिवसरात्र तोफगोळे, चिखल, उंदीर, शेजारचा माणूस सकाळी बोलत होता आणि दुपारी नाही. मे १९१६ मध्ये वॉल्टरला मानसिक आघातामुळे इंग्लंडला इस्पितळात पाठवावं लागलं. ज्याला तेव्हा शेल शॉक म्हणायचे, तो प्रकार. त्या काळात असे सैनिक भित्रे समजले जायचे, काहींना तर पळपुटे ठरवून गोळ्याही घातल्या गेल्या. वॉल्टर बरा झाला आणि काही महिन्यांत पुन्हा फ्रान्सला गेला.

परत गेला तो थेट सोमच्या लढाईत. ज्या लढाईच्या पहिल्याच दिवशी १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले, ती ही लढाई. वॉल्टर तिच्या शेवटच्या टप्प्यात मिडलसेक्सच्याच २३ व्या बटालियनमध्ये होता. त्यातून वाचला, तर डिसेंबरमध्ये ट्रेंच फीव्हर झाला. उवांमधून पसरणारा हा ताप खंदकातल्या सैनिकांना हमखास गाठायचा. पुन्हा इंग्लंड.

यावेळी मात्र त्याच्या वरिष्ठांनी एक वेगळीच शिफारस केली होती. वॉल्टर टलला अधिकारी करा.

आता अडचण अशी की, ब्रिटिश सैन्याच्या नियमांत हे बसतच नव्हतं. कृष्णवर्णीय माणसाला सैन्यात भरती होता यायचं, फार तर सार्जंटसारख्या हुद्द्यापर्यंत जाता यायचं, पण कमिशन म्हणजे अधिकाऱ्याचं पद मिळायचं नाही. अर्जातच विचारलेलं असायचं की उमेदवार अस्सल युरोपीय वंशाचा आहे का. कारण उघड होतं. काळा माणूस हुकूम सोडतोय आणि गोरे शिपाई तो पाळतायत, हे चित्र साम्राज्याला झेपणारं नव्हतं.

आपल्याकडेही तेच होतं. याच युद्धात भारतातून लाखो जवान लढायला गेले, पण ते कितीही शूर असले तरी सुभेदार आणि जमादारांच्या फळीतच थांबायचे आणि कोवळा गोरा अधिकारीही त्यांच्या वरचा असायचा. भारतीयांना किंग्ज कमिशनचं दार उघडायचा निर्णय झाला तो ऑगस्ट १९१७ मध्ये.

त्याआधी तीन महिने, ३० मे १९१७ ला, वॉल्टर टल सेकंड लेफ्टनंट झाला.

स्कॉटलंडमधल्या गेल्स इथल्या छावणीत त्याने अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण पूर्ण केलं होतं. नियम बदललेला नव्हता. मग झालं कसं? एक तर तरुण अधिकारी इतक्या वेगाने मरत होते की सैन्याला माणसं हवी होती. आणि ज्यांनी त्याला खंदकात बघितलं होतं त्यांना नियमाच्या पुस्तकापेक्षा समोरचा माणूस जास्त भरवशाचा वाटला. इथेही पहिला हा शब्द जपून वापरायला हवा. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला १९१५ मध्येच कमिशन मिळालं होतं, हे संशोधनातून नंतर पुढे आलं. पण गोऱ्या सैनिकांच्या तुकडीचं प्रत्यक्ष रणांगणावर नेतृत्व करणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांमध्ये वॉल्टर होता, हे पक्कं.

१९१७ च्या शेवटी त्याची बटालियन इटलीला गेली. कापोरेत्तोच्या लढाईत इटलीची फळी कोसळली होती आणि तिला आधार द्यायला ब्रिटिशांनी सैन्य पाठवलं होतं. आघाडी होती पियावे नदीच्या काठी. एका काठावर हे, दुसऱ्या काठावर शत्रू, मधे बर्फासारखं पाणी.

१ जानेवारी १९१८ ची रात्र. वॉल्टर २६ जणांची तुकडी घेऊन ती नदी ओलांडून गेला. छाप्याच्या मुख्य तुकडीला संरक्षण द्यायचं, हे काम. पलीकडून जोरदार गोळीबार झाला. पण वॉल्टरने गेलेल्या सगळ्यांना परत आणलं. २६ पैकी २६. एकालाही खरचटलं नाही. ज्या युद्धात शंभर यार्डांसाठी शेकडो माणसं जायची, त्यात हा आकडा कसा वाटला असेल, विचार करा. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या धाडसाची आणि थंड डोक्याची लेखी दखल घेतली. (हे लॉफर्ड म्हणजे पुढे हॉलिवूडमध्ये नाव कमावलेल्या पीटर लॉफर्डचे वडील.)

मार्चमध्ये बटालियन फ्रान्सला परतली आणि २१ मार्चला जर्मनांनी त्यांचा शेवटचा मोठा हल्ला सुरू केला. ब्रिटिश फळी मागे सरकायला लागली. २५ मार्चला उत्तर फ्रान्समधल्या फाव्रय गावाजवळ माघार चालू असताना वॉल्टरला गोळी लागली. वय २९. तिसाव्या वाढदिवसाला महिना बाकी होता.

त्याच्या तुकडीतल्या सैनिकांनी मशीनगनचा मारा चालू असताना त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला. त्यात टॉम बिलिंगहॅम होता, लेस्टरच्या क्लबचा जुना गोलकीपर. जमलं नाही. जर्मन अगदी जवळ आले होते आणि वॉल्टरला तिथेच सोडून त्यांना मागे हटावं लागलं. त्याचा मृतदेह पुढे कधीच सापडला नाही. आरासच्या स्मारकावर कबर नसलेल्या सुमारे ३५ हजार सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यात त्याचं नाव आहे.

तार ग्लासगोला गेली, एडवर्डकडे. मग तुकडीतल्या एका अधिकाऱ्याचं पत्रही गेलं. वॉल्टर सैनिकांमध्ये किती आवडता होता हे त्यात होतं आणि त्याची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती, हेही त्यात होतं.

मेडल मात्र आलंच नाही.

त्यानंतर पुढची ७०-७५ वर्षं बाहेरच्या जगात वॉल्टर टलचं नाव जवळपास कोणी घेतलं नाही. एडवर्डच्या घरच्यांनी त्याच्या वस्तू आणि कागद जपून ठेवले, बस. १९९० च्या दशकात इतिहासकार फिल वासिली इंग्लंडच्या जुन्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंचा शोध घेत होते आणि त्यांच्या कामातून वॉल्टर पुन्हा लोकांसमोर आला. १९९९ मध्ये नॉर्थम्प्टनच्या स्टेडियमबाहेर त्याचं स्मारक उभं राहिलं. २००४ मध्ये टॉटनहॅम आणि ग्लासगोचं रेंजर्स त्याच्या नावाच्या कपसाठी खेळले. टॉटनहॅम हरलं, अर्थातच. २००८ मध्ये बीबीसीने त्याच्यावर चित्रपट केला, २०१४ मध्ये पाच पौंडांचं नाणं निघालं, २०१८ मध्ये टपाल तिकीट आणि २०२१ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली.

राहिला प्रश्न मिलिटरी क्रॉसचा. २०१८ मध्ये, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डेव्हिड लॅमी यांच्या पुढाकाराने शंभराहून जास्त खासदारांनी पंतप्रधान थेरेसा मे यांना पत्र लिहिलं आणि त्याला हे मेडल द्यायची मागणी केली. समर्थकांचं म्हणणं सरळ आहे. कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला मेडल द्यायचं तर आपणच आपला नियम मोडलाय हे कागदावर मान्य करावं लागलं असतं, म्हणून ते अडवलं गेलं. सरकारी बाजू अशी की, शिफारशीची मूळ नोंद दफ्तरात मिळत नाही आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे मिलिटरी क्रॉस मरणोत्तर देताच येत नव्हता.

म्हणजे अधिकारी करताना जो नियम बाजूला ठेवता आला, तसा मेडलच्या वेळी ठेवता येत नाहीये. खासदारांच्या पत्रानंतरही मिलिटरी क्रॉस मिळाला नाही.